कुलपाचा जामीन

माझ्या भावाला आई बाळ म्हणते आणि रस्ता कुलूप म्हणतो. रस्त्याचं बरोबर आहे. मोटरसायकलची साखळी आणि तिच्या टोकाला वजनदार पितळी कुलूप, हे त्याचं हत्यार. टोळीत कमरेला सुरा लावून फिरणारे पुष्कळ होते. पण सुरा सापडला की पोलीस धरतात, कुलूप सापडलं तर काय म्हणणार? गाडी लावायला लागतं साहेब, असं म्हणून हा हसायचा. तेवढी अक्कल होती त्याला. वाया गेलेली पोरं बिनडोक असतात असं लोक म्हणतात, ते मी ऐकून घेत नाही. डोकं होतंच. ते कशाला वापरायचं हेही त्याने स्वतःच ठरवलं होतं.

आमचं काचेचं दुकान आहे. खिडक्यांच्या काचा, आरसे, चौकटी. नवरा कापतो, मीही कापते, आणि माझं तोंड कटरपेक्षा जास्त चालतं असं नवरा म्हणतो. म्हणू दे. त्याच रस्त्याच्या वळणावर घड्याळं दुरुस्त करणारे एक काका बसतात. दुकान कसलं, भिंतीतलं कपाट. पुढे काचेची पेटी, मागे काका. टोळीची पोरं आपल्या गाड्या बरोब्बर त्या पेटीसमोर लावायची. गिऱ्हाइकाने यायचं कुठून? शेवटी एक दिवस काका म्हणाले, गाडी जरा पुढे घेता का? घ्या असंही नाही म्हणाले, घेता का म्हणाले. त्यावर माझ्या भावाने साखळी फिरवली आणि काकांचा उजवा डोळा गेला. ज्या डोळ्याला भिंग लावून त्या माणसाने आयुष्यभर चाकं बसवली, तोच.

भर दिवसा झालं हे. बघायला अख्खा रस्ता होता आणि पाहिलेलं कुणीच नव्हतं. काकांनी मात्र शुद्धीवर आल्या आल्या नाव घेतलं. भाऊ आत गेला, आईने अंथरूण धरलं, आणि वकिलाने जामीनदार मागितला. हा तारखेला हजर राहील, माझ्या घरात राहील, आमच्या दुकानात काम करेल, कुणाला त्रास देणार नाही, अशी हमी देऊन सही केली ती मी. प्रेमाने केली नाही, रागाने केली. पण केली.

मग एक दिवस सरकारी वकीलबाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांना माझा भाऊ नको होता, थोरला हवा होता. थोरला म्हणजे टोळीचा मुख्य. स्वतः कधी हात उचलत नाही, पांढरे कपडे घालतो, आणि कुणाच्या घरी कोण आजारी आहे ह्याची चौकशी करतो. बाईंचं म्हणणं, थोरल्याच्या हुकमाशिवाय त्या रस्त्यावर पान हलत नाही, तेव्हा काकांना मारायचं त्यानेच सांगितलं असणार. तेवढं माझ्या भावाने कोर्टात सांगावं. मग त्याला माफीचा साक्षीदार करता येईल, शिक्षा टळेल, नव्या ठिकाणी नवं काम मिळेल. फक्त ज्याचा डोळा गेला त्या माणसाची हरकत नको. बाईंना सडकून सर्दी झाली होती. नाक पुसत पुसत त्यांनी माझ्या भावाचं अख्खं आयुष्य उचलून परत माझ्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाल्या, सोमवारी तारीख आहे, त्याआधी त्याचा होकार घेऊन या.

मी तशीच उठून काकांकडे गेले. ते आता डाव्या डोळ्याला भिंग लावतात. जन्मभराची सवय मोडून डाव्याने बघायचं म्हणजे मान उलटी वळवावी लागते. सगळा माणूसच तिरपा बसल्यासारखा दिसतो. मी बोलत होते तेव्हा त्यांनी एक बारीक स्क्रू चिमट्यात धरायचा प्रयत्न केला, तो पडला, पुन्हा धरला, पुन्हा पडला. मला त्यांचीच चीड आली. माणसाने ओरडावं, शिव्या द्याव्यात, माझ्या अंगावर हातातलं घड्याळ फेकावं. हे मला म्हणाले, बसा ना.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, मला कुणाचं वाटोळं करायचं नाही. पण मला झोप येत नाही, ती डोळ्याच्या दुखण्याने नाही. गाडी पुढे घेता का म्हटलं म्हणून कुणी माणसाचा डोळा काढत नाही. मागे काहीतरी असणार, कुणीतरी सांगितलं असणार. ते त्याने एकदा माझ्यासमोर बसून सांगावं. मग माझी हरकत नाही, मी वकीलबाईंना तसं लिहून देतो. मी शनिवारी दुपारी दुकानात या म्हटलं. तेही हो म्हणाले.

घरी सांगितलं तर आई अंथरुणातून उठून बसली. तिचं एकच पालुपद. बाळ मनाने चांगलाय, संगत वाईट. लहानपणी ह्याने शेजारच्या मांजराचं पिल्लू पाण्याच्या टाकीत टाकलं तेव्हा संगत कुणाची होती, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण त्या दिवशी मलाही तेच हवं होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने केलं, एवढं एक वाक्य त्याने म्हणायचं की आम्ही सगळे सुटलो.

त्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. 'बघू,' म्हणाला आणि मीठ मागितलं. आम्ही समजलो, घाबरलाय. थोरल्याविरुद्ध बोलायचं म्हणजे गंमत नाही. मग त्याची भीती घालवायच्या मागे आम्ही लागलो. माझ्या नणंदेने तिच्या गावी, इथून लांब, एक खोली बघून ठेवली. नवऱ्याने तिथल्या काचवाल्याशी बोलून काम पक्कं केलं. वकीलबाईंनी पोलीस सोबत देऊ म्हणून सांगितलं. आईने त्याचे कपडे धुऊन घडी करून ठेवले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हे. फरक इतकाच की घडा पालथा आहे हे आम्हाला दिसत नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर तो काम छान करत होता. जामिनावर सुटल्यापासून सकाळी वेळेवर यायचा, हातमोजे घालायचा, काचेची कड घासायला दिली तर अशी घासायचा की बोट फिरवलं तरी लागू नये. नवरा खूश. माझा नवरा म्हणजे देवमाणूस, आणि देवमाणसाशी संसार करताना जीव मेटाकुटीला येतो. त्याने ह्याला धाकट्या भावासारखं शिकवलं. मोठी काच दोघांनी उचलायची, एकाने पुढे तोंड करून चालायचं आणि दुसऱ्याने उलटं. उलटं चालणाऱ्याला मागचं दिसत नाही. पुढून येणाऱ्याने त्याचे डोळे व्हायचं, पायरी आली, डावीकडे, थांब, असं सतत बोलत राहायचं. काच निसटायला लागली तर ती पकडायची नाही. 'सोड' म्हणून ओरडायचं आणि दोघांनी एकदम हात काढून मागे उडी मारायची. एकाने सोडली आणि दुसऱ्याने धरून ठेवली तर धरणाऱ्याचा हात जातो. आणि ह्या सगळ्याच्या वर एक नियम, तो नवऱ्याला त्याच्या वडिलांनी शिकवलेला: काच हातात घेतली की भांडण खाली ठेवायचं. आमच्याकडे नवरा-बायकोचं कितीही वाजलेलं असो, काच उचलली की आम्ही एकमेकांशी गोडच बोलतो. जीवच एकमेकांच्या हातात असतो, दुसरं करणार काय? काचेच्या धंद्यातली सगळी माणसं हा नियम पाळतात आणि म्हणून सगळी माणसं तो पाळतात असं आम्हाला वाटतं. तिथेच आम्ही चुकलो.

शनिवारी काका आले. केशकर्तनालयाचा एक भिंतभर आरसा त्या दिवशी जायचा होता. तो स्टँडवर कड घासून तयार होता आणि दाराशी न्हाव्याचा टेम्पो उभा होता. मी काकांना स्टूल दिलं. भाऊ हातमोजे न काढता टेबलाला टेकून उभा राहिला. नवऱ्याने टेम्पोवाल्याला जरा थांब म्हणून खूण केली.

काका म्हणाले, "मला भांडायचं नाही बाळा. मला फक्त सांग, तुला कुणी सांगितलं होतं?"

भाऊ त्यांच्या मिटलेल्या डोळ्याकडे निरखून बघत होता. आपण केलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या घरी लावल्यावर कशी दिसते ते आम्ही बघतो, तसं. मग म्हणाला, "कुणी नाही."

परीक्षेत अडखळलेल्या पोराला शेजारून सांगावं तसं मी सांगायला लागले. म्हटलं, नीट आठव, थोरल्याने सांगितलं होतं ना, घाबरू नकोस, इथे आपलीच माणसं आहेत.

"थोरला तर मला ओरडला," तो म्हणाला. "म्हणाला, घड्याळवाल्याला कशाला हात लावलास, फुकटची कटकट. त्याला पत्ताच नव्हता, ताई. मीच मारलं."

"गाडीसाठी?" काकांनी विचारलं.

"गाडीचं काय. गाडी घेतली असती मी पुढे. तुम्ही भिंगातून डोळा काढला नाही, काका. मी समोर उभा आहे, रस्त्यावरचा प्रत्येक जण मला बघून उठतो, आणि तुम्ही खाली मान घालूनच बोललात. मग म्हटलं, काढतो."

हे त्याने रागाने नाही सांगितलं. चहा कसा करतात ते कुणी विचारलं तर सांगावं तसं सांगितलं. काकांचे दोन्ही हात मांडीवर होते, ते तिथेच राहिले. मला वाटलं आता हा माणूस उठून ह्याचा गळा धरेल, आणि मी मनातून म्हणत होते, धरा, मी सोडवायला येणार नाही.

बोलला तो माझा नवरा. देवमाणूस ना. म्हणाला, ठीक आहे, कुणी सांगितलं नव्हतं, तर नव्हतं. मग हेच कोर्टात सांग. माफीबिफी राहू दे. मी केलं म्हण, शिक्षा भोग, बाहेर ये, आम्ही इथेच आहोत, दुकान इथेच आहे. आणि त्यावर काकांनी मान हलवली. त्या माणसाने, ज्याने आत्ताच हे सगळं ऐकलं होतं, मान हलवून सांगितलं की हा कोर्टात खरं बोलला तर शिक्षा कमी करा म्हणून मीच साहेबांना विनंती करेन. मी माझ्या आयुष्यात एवढं मोठं काही ऐकलेलं नाही. आणि ते इतक्या हळू आवाजात सांगितलं होतं की टेम्पोच्या इंजिनात निम्मं बुडालं.

भावाला हसू आलं. "कोर्टात कशाला? कोर्टात मी त्या दिवशी घरी होतो. तापाने फणफणलो होतो, उठायचं त्राण नव्हतं. ताईने औषध दिलं. ताई सांगेल ना."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं.

"सांगशील ग."

किती समजूतदारपणे म्हणाला. माझं डोकं सणकलं. मी विचारलं, तुला हवंय तरी काय? एवढी माणसं तुझ्यासाठी धावतायत, ज्याचा डोळा फोडलास तो तुझ्यासाठी विनंती करायला तयार आहे, आणखी काय हवंय तुला?

"मला काही नकोय," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याच्या आवाजात राग आला. "तुम्हीच घेऊन येताय सगळे. माफी घे, खोली घे, नवं गाव घे. मी मागितलं होतं? मी त्या वळणावर आलो की बोलणं बंद होतं, माणसं उठून उभी राहतात. ते मला हवंय. तुमच्या ह्या दुकानात काच पुसताना मला बघून कोण उठणार आहे? मी सुधारलो की काय होईल, सांगू? दाजी होईन मी."

माझ्या नवऱ्याच्या तोंडावर म्हणाला हे. मी आज शांत डोक्याने सांगते, आणि हे माझ्या आईनेही ऐकावं: ह्याची संगत वाईट नव्हती. त्या संगतीतला सगळ्यात वाईट हाच होता. थोरला तरी फायदा-तोटा बघून मारतो. ह्याला मारण्यातच फायदा होता. आम्ही वर्षानुवर्षं त्याच्या पापांना बाहेरचा बाप शोधत होतो आणि हा एकेक पाप अभिमानाने आपल्या नावावर लावत बसला होता.

काका उठले. दारापाशी थांबून मला म्हणाले, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ते मला म्हणाले. त्या वेळी माझ्या हातात जे होतं ते मी टेबलावर आपटलं; ती मोजपट्टी होती, मोडली.

टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. आता इथे शहाण्या माणसाने काय करावं? भावाला हाकलून द्यावं, टेम्पोवाल्याला उद्या ये म्हणावं. पण काम निघालं की माझ्या नवऱ्याला दुसरं काही सुचत नाही, आणि कामात भांडण नाही ह्यावर त्याचा विश्वास. भाऊ म्हणाला, चला दाजी, आरसा चढवून टाकू. आणि नवऱ्याला बरंच वाटलं. हवा निवळतेय असं वाटलं त्याला. दोघांनी आरसा उचलला. नवरा उलटा चालत होता, भाऊ त्याचे डोळे झाला होता. या, या, सरळ. आता उंबरा. पाय मागे टाका. शाब्बास दाजी. नेहमीसारखंच गोड बोलणं. मी मोडलेली मोजपट्टी उचलत होते.

मग भावाने हात काढले. 'सोड' म्हणाला नाही. काहीच म्हणाला नाही.

नवऱ्याने धरून ठेवलं. धरणारच; त्याला कुणी सोड म्हटलंच नव्हतं. आरसा उंबऱ्यावर फुटला आणि वरचा अर्धा भाग त्याच्या मनगटावरून खाली आला. मी धावले, ओढणीने दंड करकचून बांधला, टेम्पोवाल्याला शिव्या घालून गाडीचं दार उघडायला लावलं. भाऊ उंबऱ्याच्या आत उभा होता, अंगावर ओरखडा नाही. आमच्यासाठी वाट करून देताना तो माझ्या कानाशी म्हणाला, "ताई, नीट आठव हं. मी घरी होतो. दाजींना अजून एक हात आहे."

इस्पितळात डॉक्टरने विचारलं कसं लागलं, तर माझा नवरा म्हणाला, निसटली. टाके घातले, पट्टी बांधली, अंगठा पुन्हा मिटेल का ते आता सांगता येणार नाही म्हणाले. बाहेर आल्यावर मी विचारलं, निसटली?

"सोडली," नवरा म्हणाला. "माझ्याकडे बघत सोडली."

"मग आत खोटं का बोललात?"

"तुझा भाऊ आहे ग."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ह्या एका वाक्यावर घरंच्या घरं सडतात. मी त्या व्हरांड्यात भिंतीला टेकून इतकी रडले की एक नर्स मला पाणी घेऊन आली, आणि मी तिला म्हटलं, मला दुःख झालेलं नाही, मला राग आलाय. ती बिचारी पाणी ठेवून निघून गेली.

रविवारी आईचं म्हणणं, काच आहे, निसटते. एवढं काय त्याचं? त्याने का मुद्दाम केलं असेल? मी तिला त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तिने ऐकलं, आणि मग त्याचा सोमवारचा शर्ट इस्त्रीला घेतला. कॉलरला दोनदा इस्त्री फिरवली. तो आतल्या खोलीत पाय पसरून टीव्ही बघत होता. आमच्या घरात, माझ्या सहीवर. नवऱ्याने त्याला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात माझ्याकडे चहा मागितला, स्वतःच्या घरात, आणि कप डाव्या हाताने धरायला बघत होता. तेव्हा माझं ठरलं. मी कुणाला काही बोलले नाही. माझ्या तोंडात एरवी तीळ भिजत नाही, पण त्या दिवशी मी गप्प बसले.

सोमवारी आम्ही सगळे एकत्रच गेलो. आई त्याच्या शेजारी, तो इस्त्रीच्या शर्टात, नवरा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून. मागच्या बाकावर थोरल्याचा माणूस येऊन बसला होता. वकीलबाईंनी भुवई उंचावून मला विचारलं, होकार आणला का? मी मान हलवली नाही. सरळ पुढे गेले आणि साहेबांना म्हटलं, मला माझा जामीन काढून घ्यायचा आहे.

न्यायाधीश चष्म्यावरून बघायला लागले. आजवर नीट चाललं होतं, आरोपी प्रत्येक तारखेला आला होता, मग आता काय झालं? कारकुनाने मला हळूच सांगितलं की कारण द्यावं लागेल. साहेबांनी स्वतःच सोपं करून विचारलं, "आरोपी पळून जाईल अशी भीती वाटते का तुम्हाला?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "पळून जाणार असता तर सही तशीच राहू दिली असती मी. तो कुठेही जाणार नाही. तो इथेच राहणार आहे, माझ्या घरात, माझ्या रस्त्यावर. म्हणून काढून घेते."

मग मी नवऱ्याला हात वर करायला सांगितला आणि तो कसा झाला ते सांगितलं. नवऱ्याने खाली बघितलं, पण खोटं आहे असं म्हणाला नाही. आणि कुणी विचारलेलं नसताना हेही सांगितलं की काकांना मारलं त्या दिवशी हा घरी नव्हता, ह्याला ताप नव्हता, मी ह्याला कसलंही औषध दिलेलं नाही. भावाचा वकील उठून उभा राहिला, ही साक्षीची वेळ नाही म्हणाला. मी म्हटलं, वेळ येईल तेव्हा पुन्हा सांगेन. सगळं माझ्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, म्हणजे बाहेरच्या व्हरांड्यातही ऐकू गेलं असणार.

मी भावाकडे बघितलं. त्याला राग येईल असं मला वाटलं होतं, आला नव्हता. तो मागच्या बाकाकडे बघत होता. साहेबांनी विचारलं, दुसरं कुणी जामीन राहायला तयार आहे का? थोरल्याच्या माणसाने फोन काढून त्यात डोकं घातलं. ज्या माणसांना बघून रस्ता उठतो त्यांच्यातला एकही माणूस उठला नाही. माझा भाऊ त्या फोनकडे बघत राहिला, आणि त्याची इस्त्रीची कॉलर ताठच्या ताठ होती. एक शिपाई त्याच्या दंडाला धरून उभा राहिला. माझ्या शेजारून जाताना तो म्हणाला, "मी बाहेर येईन, ताई."

"माहीत आहे," मी म्हटलं.

ते दारापर्यंत पोचले आणि मागून आवाज आला, मी राहते. आई उभी राहिली होती. एका हाताने बाक धरलेला आणि दुसरा हात वर. साहेबांनी मऊ आवाजात विचारलं, आजी, तुमच्या नावावर काही आहे का? घर, जागा, काही? आई दाराकडे बघून म्हणाली, हा आहे. साहेबांनी कागदाकडे बघितलं आणि पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं. भाऊ तोवर बाहेर गेला होता. त्याने मागे वळून बघितलंसुद्धा नव्हतं. पुढच्या प्रकरणाची माणसं आत यायला लागली, कारकुनाने आईला बसा म्हटलं, शिपायाने हात खाली घ्या म्हटलं, पण ती तशीच हात वर करून उभी होती. मी गेले आणि तिचा हात धरून खाली घेतला.